सहन करायची नको, निघायची शक्ती दे

२५ नोव्हेंबरची संध्याकाळ होती. ख्रिस्ती सिस्टरांच्या मठातल्या लहानशा चॅपेलमध्ये आम्ही पंधरा-वीस बायका जमलो होतो. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून सिस्टरांनी जपमाळेची सामूहिक प्रार्थना ठेवली होती. तिचे पाच भाग, म्हणजे पाचही रहस्यं, झाली आणि मग उत्स्फूर्त प्रार्थना सुरू झाल्या. जिला जे मागायचं ते तिने मोठ्याने म्हणायचं, बाकीच्यांनी ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणायचं. नातवाची दहावी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, परदेशी गेलेल्या मुलाची नोकरी असं एकेक येत होतं. मग मागच्या बाकावरून हलक्या आवाजात आलं, “माझ्या धाकट्या बहिणीला सगळं सहन करायची शक्ती दे, प्रभू.”

आम्ही सवयीने उत्तर दिलं. सिस्टरांनी मात्र नाही दिलं. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीला थोडा बाक आलेल्या. त्या वळल्या आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाल्या, “सहन करायची नको गं. त्याचा हात थांबू दे म्हण. नाहीच थांबला तर तिला निघायची शक्ती दे म्हण.”

क्षणभर कुणी हललं नाही. मग त्या बाईने तीच प्रार्थना पुन्हा म्हटली, शब्द बदलून. या वेळी आमचं उत्तर जरा उशिरा आलं, पण मोठ्याने आलं.

मला या लेखात त्या एका दुरुस्तीबद्दल बोलायचं आहे. हिंसेविरुद्ध प्रार्थना करावी की करू नये, यावर वाद घालण्यात मला रस नाही. आपण त्या प्रार्थनेत नेमकं काय मागतो, हा माझा प्रश्न आहे. कारण आपण देवाकडे जे मागतो, ते ती मार खाणारी बाई शेजारी बसून ऐकत असते. आपण तिच्यासाठी सहनशक्ती मागितली, की आपलं तिच्याकडून काय मागणं आहे हे तिला कळतं.

स्त्री-चळवळीतल्या माझ्या मैत्रिणींना या मेणबत्त्यांचं आणि जपमाळांचं कौतुक नाही. कायदा आहे, पोलीस आहेत, संरक्षण अधिकारी आहेत, मग हात जोडून काय होणार, असं त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मी आधी धर्माकडे जात नाही, आमच्या आळीकडे जाते. वसईच्या आमच्या भागात सासुरवाशिणीला घराबाहेर पडायला आजही कारण लागतं. बाजार, दवाखाना, मुलांची शाळा, प्रत्येकाची वेळ ठरलेली आणि परत यायचा हिशोबही ठरलेला. ‘पोलीस स्टेशनला जाऊन येते’ असं सांगून कुणी निघत नाही. ‘जपमाळेला जाते’ म्हटलं की मात्र कुणी आडवं येत नाही. मे महिना मरियामातेचा, ऑक्टोबर जपमाळेचा. रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या ओटीवर बायका जमतात. सासूही तिथेच असते, हे खरं. पण परतताना अंधारात दोघीदोघी मागे रेंगाळतात. जे बोलायचं असतं ते तिथे बोललं जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के जणींनी. उरलेल्या बायका कुठेतरी असतातच ना? आमच्याकडे त्यांतल्या कित्येक जणी मठाच्या चॅपेलमध्ये असतात, मागच्या बाकावर. त्यांच्यापर्यंत पोचायला शासनाला योजना आखावी लागते. सिस्टरांना फक्त दार उघडं ठेवावं लागतं आणि योग्य वेळी मागे वळून बघावं लागतं.

२५ नोव्हेंबर ही तारीख निवडली गेली ती डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या मिराबाल भगिनींमुळे. पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या तिघी सख्ख्या बहिणी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या. पुढे त्या हुकूमशहा त्रुहियोच्या विरोधात उभ्या राहिल्या. १९६० साली याच तारखेला, तुरुंगातल्या नवऱ्यांना भेटून परतताना त्यांना वाटेत अडवून ठार मारण्यात आलं. १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही तारीख जगाची केली. त्या हत्येच्या दहा महिने आधी, जानेवारी १९६० मध्ये, तिथल्या बिशपांनी अटकसत्राविरुद्ध पत्रक काढून ते चर्चमधून वाचायला लावलं होतं. त्रुहियोची सत्ता तोवर तीस वर्षांची झाली होती. तीस वर्षांनी का होईना, वेदीवरून ते शब्द उच्चारले गेले. बहिणी वाचल्या नाहीत, पण लोकांच्या कानांवर तरी पडलं, की सत्तेच्या दहशतीला देवाचा आशीर्वाद नाही.

चार दिवस पुढे जाऊ या. २९ नोव्हेंबर १८८९, व्हेनिस. सुदानच्या दारफूर भागातून लहानपणीच पळवलेली, पुन्हा पुन्हा विकली गेलेली एक तरुणी तिथल्या न्यायालयासमोर होती. पळवणाऱ्यांनी तिचं नाव बखिता ठेवलं होतं. अरबीत त्याचा अर्थ ‘भाग्यवान’. भीतीने ती स्वतःचं खरं नाव विसरून गेली होती. एका मालकाच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कोरली होती आणि व्रण उठून दिसावेत म्हणून जखमांत मीठ चोळलं होतं. पुढे एका इटालियन कुटुंबाने तिला मुलीची दाई म्हणून इटलीत आणलं आणि काही काळासाठी कनोसियन सिस्टरांकडे ठेवलं. मालकीण न्यायला आली तेव्हा बखिता म्हणाली, मी येणार नाही. मालकीण रडली, चिडली, हक्क सांगू लागली. सिस्टर तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, व्हेनिसचे धर्माधिकारी उभे राहिले आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायालयाने सांगितलं, इटलीच्या कायद्यात गुलामी नाहीच, तेव्हा ही बाई गुलाम नाही. तिला हवं तिथे ती राहील. ती तिथेच राहिली, पुढे सिस्टर झाली, १९४७ मध्ये वारली आणि २००० साली तिला संत घोषित करण्यात आलं. ८ फेब्रुवारी हा तिचा सण. मानवी तस्करीविरुद्धच्या प्रार्थनेसाठी २०१५ पासून जगभरची ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, हाच दिवस पाळते.

मुंबईत माहीमला, अंधेरीला ज्यांनी कनोसा शाळांच्या भिंती पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी हे नाव परकं नाही. त्या सिस्टर बखितासाठी प्रार्थना करत असतील यात मला शंका नाही. पण प्रार्थना करून त्यांनी तिला मालकिणीबरोबर परत पाठवलं असतं तर? ‘आपला क्रूस वाहा बाळ, देव बघतो आहे’ असं म्हटलं असतं तर? आज तिचं नावही कुणाला माहीत नसतं. गुडघे टेकून उठल्यावर त्या न्यायालयात गेल्या, म्हणून ती प्रार्थना खरी ठरली असं मी मानते.

जगभरच्या सिस्टरांनी २००९ मध्ये तस्करीविरुद्ध जे जाळं उभं केलं, त्याचं नाव ‘तलीथा कूम’. मार्कच्या शुभवर्तमानात येशू मेलेल्या मुलीचा हात धरून हे शब्द म्हणतो: मुली, तुला सांगतो, ऊठ. पडून राहा, स्वर्गात बघू, असं तो म्हणत नाही. शिवाय ती उठल्यावर तिला खायला द्या म्हणूनही सांगतो, हे मला फार मोलाचं वाटतं. नुसतं उठवून भागत नाही. त्या रात्री ती जेवणार काय आणि झोपणार कुठे, हेही कुणीतरी पाहावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सिस्टर जीन डिव्हॉस यांचं द्यावं लागेल. त्या बेल्जियमच्या; १९६३ मध्ये भारतात आल्या आणि १९८५ मध्ये घरकामगार बायकांची राष्ट्रीय चळवळ त्यांनी सुरू केली. मुंबईच्या इमारतींत बंद दारामागे काम करणारी पोर, जिला रविवार नाही, पगाराची पावती नाही, रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपावं लागतं आणि मालकाच्या पावलांचा आवाज ऐकत जागावं लागतं, तिच्यासाठी सिस्टरांनी बायकांना एकत्र बसवलं आणि मोर्चे काढले. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यामागे अनेक संघटनांची अशी वर्षानुवर्षांची पायपीट होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचं २०१० सालचं विधेयक आलं तेव्हा त्यात घरकामगार बायकांना वगळलं होतं. म्हणजे ऑफिसातल्या बाईला संरक्षण, पण त्याच बाईच्या घरी भांडी घासणारीला नाही. ओरड झाली, आणि २०१३ च्या कायद्यात घरकामगार आली. आज तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने ती ७ दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. ही तरतूद आमच्याकडे किती जणींना माहीत आहे? सकाळी ६ च्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसून ७ च्या लोकलने कामाला जाणाऱ्या बायका आमच्यातही आहेत. त्यांच्या मालकिणीही त्याच मिस्साला असतात, पुढच्या बाकांवर.

इथवर लिहिलं ते अभिमानाने. पुढचं लिहिताना हात जड होतो आहे.

माझी एक मावशी होती. भर मे महिन्यात ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालायची. आम्हा मुलींना वाटायचं, मावशी जुन्या वळणाची. एकदा विहिरीवर हात धुताना बाही वर सरकली आणि मला दिसलं. पुढे मोठी झाल्यावर कळलं, की ती एका धर्मगुरूंकडे गेली होती. त्यांनी तिला शांतपणे ऐकून घेतलं, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि सांगितलं, प्रत्येकाला आपापला क्रूस असतो, तो वाहायचा असतो. ती परत गेली आणि आणखी एकोणीस वर्षं तिने तो वाहिला. ते धर्मगुरू दुष्ट नव्हते. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी तिला दिलं. म्हणूनच मला ही गोष्ट एका माणसाची वाटत नाही.

क्रुसाबद्दलच बोलायचं तर नीट बोलू या. येशूने क्रूस उचलायला सांगितला तो ‘माझ्यामागे यायची ज्याची इच्छा असेल’ त्याला. दुसऱ्याने बायकोच्या पाठीवर लादलेल्या लाकडाला तो क्रूस म्हणाला नाही. आणि दर गुड फ्रायडेला आम्ही उभं राहून योहानाचं दुःखसहनाचं वर्णन ऐकतो, त्यात एक प्रसंग आहे. महायाजकासमोर एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो. येशू गप्प बसत नाही. तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर. बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? ज्याने क्रूस पत्करला, त्यानेही थपडेचा जाब विचारला. मावशीला हे कुणी सांगितलं नाही. ती दरवर्षी तिथे उभी राहून ते ऐकत होती आणि तरी तिला ते कुणी सांगितलं नाही.

२५ ऑगस्ट २०२४ चा रविवार मला अजून आठवतो. त्याआधीच्या मंगळवारी बदलापूरला लोक रुळांवर उतरले होते, शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारासाठी. कोलकात्याच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्याला पंधरवडा झाला होता. देश पेटलेला होता. आणि त्या रविवारच्या उपासनेतला दुसरा पाठ होता बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातला: स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा. पाठांच्या तीन वर्षांच्या चक्रात तो त्या रविवारी येणारच होता, कुणी मुद्दाम निवडला नव्हता. हा पाठ सुरू होतो ‘एकमेकांच्या अधीन असा’ इथून, आणि नवऱ्यांना तो सांगतो, की ख्रिस्ताने जसं ख्रिस्तसभेसाठी स्वतःला दिलं तसं तुम्ही द्या, बायकोला आपलंच शरीर समजा. ज्या प्रवचनकाराला सांगायचं असतं त्याला इथे केवढं तरी आहे. ज्याला सांगायचं नसतं, तो शुभवर्तमानावर बोलून बसतो. मग पुरुषमंडळी त्या पाठातलं एकच वाक्य घरी घेऊन जातात. अशा रविवारी गप्प बसणं हेही एक प्रवचनच असतं.

काय वाचलं जातं याइतकंच, काय वाचलं जात नाही हेही मी बघते. बायबलमधली दाविदाची मुलगी तामार. सावत्र भावाने आजारपणाचं सोंग करून तिला बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार केला. ती डोक्यावर राख घालून, वस्त्र फाडून, मोठ्याने रडत रस्त्याने गेली. सख्खा भाऊ तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नकोस. बाप राजा होता. तो फक्त संतापला. आपल्यातल्या कुणाच्या घरात हे घडलेलं नाही? पण रविवारच्या मिस्साच्या कुठल्याच वर्षात हा पाठ येत नाही.

सुसान्नाची गोष्ट येते, पण ती उपवासकाळातल्या एका सोमवारी, जेव्हा चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका आणि सिस्टर एवढ्याच असतात. आमच्या कॅथलिक बायबलमध्ये ती दानिएलाच्या तेराव्या अध्यायात आहे. दोन वडीलधारे न्यायाधीश बागेत तिला गाठतात आणि धमकावतात, आमचं ऐक, नाहीतर तुझ्यावर व्यभिचाराचा आळ घेतो. ती नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी ते खोटी साक्ष देतात, लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात, कारण ते वडीलधारे आहेत, आणि तिला मरणदंड होतो. तेव्हा ती मोठ्याने देवाचा धावा करते. देव तिची हाक ऐकतो, असं तिथे लिहिलं आहे. आणि मग काय होतं? आकाशातून आग पडत नाही. गर्दीतून एक तरुण ओरडतो, थांबा, चौकशी न करताच तुम्ही हिला मारायला निघालात? तो दोघांना वेगवेगळं उभं करतो आणि एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाखाली? दोघं वेगवेगळी झाडं सांगतात.

प्रार्थनेचं उत्तर म्हणून इथे उलटतपासणी येते. मला अख्ख्या बायबलमध्ये या विषयावर याहून स्पष्ट काही सापडलेलं नाही. हिंसा सोसणारीसाठी कुणी प्रार्थना करत असेल तर तिने याची तयारी ठेवावी: उत्तर तिच्याच तोंडून यायचं असेल, गर्दीतून ओरडून.

आता एक गोष्ट, जी माझ्या मते प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीत, मोठ्या अक्षरांत लावायला हवी. ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा, १९८३ ची धर्मसंहिता, तिच्या ११५३ व्या कलमात सांगतो, की जोडीदारापासून दुसऱ्या जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, किंवा त्याच्यामुळे एकत्र राहणं अतिशय कठीण झालं असेल, तर वेगळं होण्याचं वैध कारण मिळतं. एरवी त्यासाठी बिशपांची परवानगी लागते. पण थांबण्यात धोका असेल तर ती व्यक्ती स्वतःच्या अधिकारात घर सोडू शकते. स्वतःच्या अधिकारात! हा घटस्फोट नव्हे, विवाहबंधन तसंच राहतं. पण घर सोडणं हे पाप नाही, हे रोममध्ये छापलेलं आहे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात पुढचं पाऊल टाकलं: छळ आणि हिंसेपासून दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना वाचवायचं असेल तर वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं.

आमच्या आळीतल्या सात-आठ बायकांना मी हे सांगितलं. त्यांतल्या एकीलाही ते माहीत नव्हतं. एक लाल लुगड्यातली आजी म्हणाली, “हे आधी सांगायचं ना कुणी.” एवढंच म्हणाली आणि वाल सोलत बसली.

देशाचा कायदाही आमच्या बायकांशी फार काळ असाच वागला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरायचं. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार दाखवून शिवाय क्रूरताही किंवा सोडून देणंही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण घटस्फोटाला पुरत नसे. फार तर न्यायालय वेगळं राहू देई. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. म्हणजे १३२ वर्षं. त्या काळात आमच्या किती आज्या-पणज्यांनी जपमाळेचे मणी झिजवले असतील, ते मोजायचं कोणी?

केरळबद्दल बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. २०१८ च्या जूनमध्ये तिथल्या एका सिस्टरने एका बिशपांवर बलात्काराची तक्रार केली. ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या सणादिवशी, तिच्या मठातल्या पाच सिस्टर कोचीत उच्च न्यायालयाजवळच्या चौकात जाऊन धरण्यावर बसल्या. भारतात सिस्टरांनी आपल्याच बिशपांविरुद्ध असं रस्त्यावर बसणं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. २१ सप्टेंबरला अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने बिशपांना निर्दोष ठरवलं, त्याविरुद्ध अपील दाखल झालं, आणि २०२३ मध्ये त्यांनी पद सोडलं. निकालावर मी इथे मत देत नाही, ते काम न्यायालयांचं. मी आमच्या वागण्याबद्दल बोलते आहे. तक्रार करणारीच्या स्वतःच्या संस्थेने तिच्या विरोधात पत्रक काढलं आणि त्यासोबत तिचा फोटो दिला, ज्याबद्दल पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. सुसान्नाचा पाठ वाचणाऱ्या मठात हे घडलं. चौकशी होईपर्यंत दोघांसाठीही प्रार्थना करता आली असती आणि तक्रार करणारीला माणसासारखं वागवता आलं असतं. एवढं तरी जमायला हवं होतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी परदेशातून परतताना विमानातच पत्रकारांसमोर मान्य केलं, की धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही सिस्टरांवर अत्याचार केलेले आहेत. तोवर हे बोलणाऱ्या सिस्टरांना ख्रिस्तसभेच्या शत्रू म्हटलं जात होतं. मला वाटतं, त्या चौकात बसलेल्या पाच जणींनी त्या दिवसांत जी प्रार्थना केली ती त्या वर्षातली भारतातली सर्वांत अवघड प्रार्थना असावी. बाहेरच्या हिंसेविरुद्ध मेणबत्ती लावणं सोपं असतं. मठाच्या आतल्या अंधाराविरुद्ध ती लावायची तर आपलीच भिंत उजळून निघते.

भारतातल्या बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचं धोरण जाहीर केलं होतं. चांगलं आहे. ते छापील धोरण आमच्या वेदीपर्यंत यावं, असं मात्र मनापासून वाटतं. लग्नाआधीचे वर्ग आमच्याकडे सक्तीचे असतात. प्रत्येक मुलगा तिथे येतो, यावंच लागतं. दुसरी कुठलीही संस्था लग्नाच्या उंबरठ्यावरच्या प्रत्येक पुरुषाला अशी समोर बसवू शकत नाही. तिथे एक तास केवळ या विषयाला द्यावा. हात उचलणं हा गुन्हा आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तिला घरात राहायचा हक्क देतो, आणि तुझ्या धर्माचा कायदाही तिला दार उघडून देतो, हे त्याला त्याच्या होणाऱ्या बायकोच्या देखत ऐकू द्यावं. तो हे ऐकून बदलेलच असं नाही. पण तिने ऐकलेलं असेल.

धर्मगुरूंना माझी विनंती वेगळी आहे. समेट करायला बसू नका. मारणाऱ्याला आणि मार खाणारीला एका टेबलाशी बसवून, चहा देऊन, दोघांकडूनही माफी मागवून घरी पाठवणं, हे आमच्याकडे फार चालतं. त्या रात्री घरी काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिच्या हातात द्या, तिला सिस्टरांकडे पाठवा, आणि त्या माणसाशी एकट्याने बोला. तो तुमचं ऐकतो, हीच तर तुमची ताकद आहे.

आणि पुरुषांनी जपमाळेला यावं. २५ नोव्हेंबरला त्या चॅपेलमध्ये एकही पुरुष नव्हता. ज्यांचे हात थांबायला हवेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्या सगळ्या बायका, हे फार विचित्र आहे.

त्या संध्याकाळी जपमाळ संपल्यावर बायका चहाला गेल्या. मी कप आणायला सिस्टरांच्या खोलीत गेले, तर त्यांनी लोखंडी कपाट उघडलं होतं. खालच्या कप्प्यात खाकी पाकिटं होती, उभी लावलेली. कुणावरही नाव नाही, फक्त पेन्सिलीने केलेली खूण: एकावर मासा, एकावर केळीचं पान, एकावर विहीर. आधार कार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, कुणाच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या. निघायची वेळ आली तर घरात शोधाशोध करायला नको म्हणून बायका जपमाळेला येताना एकेक कागद पदराखाली आणून ठेवतात. मागच्या बाकावरची ती बाई दारात उभी होती. सिस्टरांनी एक कोरं पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि पेन्सिल पुढे केली.

“बहिणीसाठी,” ती म्हणाली. जरा विचार करून तिने त्यावर एक छोटी होडी काढली.